अर्धवट राहिलेली हॉट रॉड विकायची आहे. कशी विकू?

जुना_मोंढा | २८ ऑगस्ट, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडं १९४७ची शेवरले फ्लीटमास्टर आहे, चार दरवाजांची. आजोबा एका आडत्याकडं मुनीम होते. तीन वर्षांचा पगार थकला, त्या बदल्यात ही गाडी घरी आली. वडिलांनी ती जपली, पण १९९०नंतर ती शेडमध्ये उभीच राहिली. २०१५ला मला किडा चावला. इंटरनेटवर अमेरिकेतल्या हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून केलेल्या पळणाऱ्या गाड्या, बघून बघून ठरवलं, आपणही करायची.

आजची स्थिती अशी. मूळ सहा सिलिंडरचं इंजिन काढून काँटेसा गाडीचं १.८ लिटरचं इसुझू पेट्रोल इंजिन आणि पाच गियरचा गियरबॉक्स बसवलाय. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली. छत चार इंच उतरवलं. मागची चाकं रुंद. पुढं डिस्क ब्रेक. इंजिन चालू होतं, गाडी शेडच्या बाहेर जाऊन परत येते. नाही ते असं: काचा नाहीत, सीट नाहीत, अर्धी वायरिंग लटकतेय, रंग म्हणजे नुसता लाल ऑक्साइड.

वहीत लिहिलेला खर्च ६ लाख ४० हजार. न लिहिलेला बायकोला माहीत नाही, तो मीही विसरलोय.

विकायचं कारण एकच. वाटणी झाली. शेड धाकट्या भावाकडं गेलं, त्याला दिवाळीपर्यंत मोकळं पाहिजे. त्याला तिथं खताचं गोदाम करायचंय. माझ्या वाट्याच्या घरासमोर स्कूटी लावायला जागा नाही.

पाच लाख सांगितले तर जास्त होतील का? जाहिरात कुठं द्यावी? पूर्ण विकावी की सुटे भाग करून? मार्गदर्शन करा.

सुतळीबॉम्ब

फोटो टाका. फोटोशिवाय शेवरले म्हणजे लग्नपत्रिकेवरचा 'बी.ए. (एपियर्ड)'.

उगंच

सळईच्या कारखान्यांच्या जालन्यात राहून रॉड विकायला गिऱ्हाईक मिळेना? तिथं तर टनावर जाते.

जुना_मोंढा

@उगंच, हा विनोद माझ्या साडूनं २०१६ला केलाय. नवीन काढा.

फोटो टाकलेत. तिसऱ्या फोटोत मागं दिसतेय ती आईची पापडाची खाट आहे, ती विकायची नाही.

बे_एरिया_बीडकर

वा! डोळे निवले. मराठी संस्थळावर चॉप केलेली, म्हणजे छत उतरवलेली शेवी (शेवरले) बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

बाकीच्यांसाठी थोडं. हॉट रॉड ही मुळात गरिबांची शर्यतीची गाडी. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. तिथं पोरं फोर्डच्या जुन्या टपाविना गाड्या घेऊन जायची, मडगार्ड काढायची, वजन कमी करायची आणि पळवायची. १९३२ला फोर्डनं व्ही-८ इंजिन स्वस्तात आणलं, ६५ अश्वशक्तीचं, आणि या नादाला खरं तेल मिळालं. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या पोरांच्या हाताला यंत्राची सवय होती, तेव्हा तर साथच पसरली. छत उतरवायचं कारणही हेच, वारा कमी अडावा. पुढं ती फॅशन झाली. १९५५ला शेवरलेचं छोटं व्ही-८ आलं आणि अर्ध्या अमेरिकेनं तेच इंजिन कशातही कोंबलं.

काका, तुमच्या गाडीबद्दल एक शंका. मूळ २१६ घनइंचाचं इंजिन त्या काळी ९० अश्वशक्तीचं म्हणून विकलं जायचं. काँटेसाच्या इसुझूचे ८८ ना?

सुतळीबॉम्ब

म्हणजे साडेसहा लाख घालून दोन घोडे कमी केले. 😂😂

पाना_पक्कड

@सुतळीबॉम्ब, हसू नका, ते दोन्ही आकडे एका तराजूतले नाहीत. तेव्हाच्या अमेरिकन कंपन्या इंजिन उघडं ठेवून मोजायच्या, पंखा नाही, सायलेन्सर नाही. चाकापर्यंत ९० कधीच पोचत नव्हते. शिवाय त्या सहा सिलिंडरला बेअरिंगा ओतीव बॅबिटच्या (मऊ मिश्रधातूच्या) आणि तेल चमच्यानं उडवायची पद्धत. सतत रेटली की बेअरिंग बसलीच. आज बॅबिट ओतून घासून देणारा कारागीर शोधायला निघालात तर चपला झिजतील. इसुझूचं सामान निदान काँटेसावाल्यांकडं तरी मिळतं. माणसानं केलं ते बरोबरच केलं.

वाळूजला माझं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. त्या अनुभवावर सांगतो.

तुमच्याकडं जो घेणारा येईल तो आधी खिशातून लोहचुंबक काढील. फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवील. जिथं चिकटलं तिथं पत्रा, जिथून घसरलं तिथं पुट्टी. नंतर तो आत वाकून छताचे खांब बघील. फ्लीटमास्टरचे खांब तिरके आहेत. चार इंच कापून छत खाली आणलं की वरचं टोक खालच्या टोकावर येतच नाही. मग एकतर खांब वाकवायचे, नाहीतर छत मधून कापून लांब करायचं. तुमच्या मिस्त्रीनं काय केलं? आणि खांबाच्या पोटात आतून पट्टी टाकलीय का नुसतं तोंडाला तोंड लावून वेल्डिंग मारलंय? किंमत इथं ठरणार, लाल ऑक्साइडवर नाही.

जुना_मोंढा

पाना_पक्कड, तुम्ही काळजाला हात घातला. वस्तादनं छत मधून आडवं कापून दोन इंचाची पट्टी घातली. खांबात आतून चौकोनी पाइप सरकवून मग वेल्डिंग केलं. मी समोर उभा होतो. चार दिवस लागले. वेल्डिंगची कांडी लाल होती तोवर वस्ताद एक शब्द बोलत नव्हता. विझली की चहा मागायचा.

चुंबक मी स्वतः फिरवलं. मागच्या डाव्या मडगार्डवर वीतभर जागा घसरते. बाकी चिकटतंय.

पाना_पक्कड

मग हेच जाहिरातीत लिहा. 'डावं मडगार्ड, वीतभर पुट्टी.' दोष तुम्ही सांगितला की गिऱ्हाईक बाकीचं खरं मानतं. तो त्यानं शोधला की मग तुमचं इंजिनही चोरीचं वाटायला लागतं. वेल्डिंग चालू असतानाचे फोटो असतील तर ते आधी टाका, पॉलिश केलेल्या बोनेटचे नंतर.

काचांचं काय ठरलंय? पुढची काच दोन तुकड्यांत आणि सपाट, ती सोपी. लॅमिनेटेड घ्या, कापता येते. कुणी टफन घेऊन कापून देतो म्हणाला तर उठून या, कापायला गेलं की चुरा हातात येतो.

घसारा

मी हिशेबनीस माणूस, गाडीतलं फक्त पेट्रोल कळतं. पण ६ लाख ४० हजार हा आकडा विसरा, ही हात जोडून विनंती. तो तुमचा खर्च आहे, गाडीची किंमत नाही. घर बांधताना चुकीची भिंत पाडून परत बांधली म्हणून घेणारा दोन भिंतींचे पैसे देत नाही.

आणि अर्धवट गाडी घेणारा आपल्या डोक्यात उरलेला खर्च दुपटीनं धरतो. काचा, सीट, वायरिंग, रंग याचं कोटेशन तुम्हीच काढून हातात द्या. नाहीतर तो स्वतः काढील आणि तुम्हाला रडू येईल.

कंधारी

आमच्याकडं माळेगावच्या जत्रंत घोडं विकायला नेलं तर दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायलेत. भाव बाहेर कुणाला कळत न्हाई. तोंडानं 'नको नको' म्हणत राहायचं आन् बोटानं सौदा करायचा. तुमी तर पयल्याच पोस्टीत पाच लाख बोलून मोकळे झालाव!

दुसरं. जनावर विकताना दात बघतेत. लाल कंधारी वळू असो का देवणी, दात खोटे सांगता येत न्हाईत. या गाडीचे दात म्हणजे कागद. ते दाखवा की.

गोदातीर

@कंधारी, धागा तुम्ही नेहमी बैलावर कसा आणता हो? 😄

पण प्रश्न बरोबर आहे. मोंढाकाका, कागद?

जुना_मोंढा

आरसी पुस्तक आहे. कापडी बांधणीचं, मधल्या दोन पानांना वाळवी लागलीय पण नंबर वाचता येतात. एमएच येण्याआधीचा तीन अक्षरी नंबर. मुदत कधीच संपलीय. विमा नाही. इंजिन बदलल्याची नोंद केली नाही, खरं सांगायचं तर तेव्हा सुचलंच नाही. गाडी वडिलांच्या नावावर आहे.

काळा_कोट

मी दोन दिवस गप्प बसून वाचत होते, आता राहवत नाही. अंबाजोगाईला वकिली करते. क्रमानं सांगते, रागावू नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं जे तपशील दिलेत आणि आरसीवर जे आहेत त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ आलं. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलागणिक ५ हजार दंड, किंवा दोन्ही. बदलागणिक हा शब्द नीट वाचा.

आता तुम्ही म्हणाल, विंटेज म्हणून नोंदवू. जुलै २०२१मध्ये त्याचे नियम आले. पन्नास वर्षांवरची गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार फी, दहा वर्षांची मुदत. पण अट काय? चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. तुम्ही यातल्या दोन गोष्टी केल्यात, तिसरी केली असेल तर सांगू नका.

म्हणजे ही गाडी आज रस्त्यावर चालवायची गाडी म्हणून विकताच येणार नाही. प्रदर्शनात मांडायची वस्तू, सुटे भाग, खासगी आवारातला छंद, असं म्हणून विका आणि विक्रीपत्रात ते लिहा. ट्रायल द्यायला रस्त्यावर काढू नका. विमा नसताना कुणी खाली आलं तर शेडच काय, घरही जाईल. २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: आरसीवर ज्याचं नाव, भरपाई त्याच्याकडून. विकून टाकली म्हणून सुटका नाही.

सुतळीबॉम्ब

बदल मोजू या. इंजिन १, गियरबॉक्स २, छत ३, ब्रेक ४, चाकं ५, वायरिंग ६. तीस हजार झाले. पापडाची खाट धरू का, ताई?

मूळपुरुष

इतके दिवस तोंड दाबून बसलो होतो. सत्तेचाळीसची फ्लीटमास्टर! स्वातंत्र्याच्या वर्षाची गाडी, तीही आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं तेव्हाची. मराठवाडा मुक्त झाला सप्टेंबर १९४८ला, ही त्याच्या आधीची. आणि तुम्ही तिचं छत कापलं? एकतर छत ठेवायचं होतं, नाहीतर गाडी आम्हाला द्यायची होती. मी संभाजीनगरात जुन्या गाड्या मूळ रूपात उभ्या करतो, त्यामुळे थोडं तिखट लागलं तर माफी.

बे_एरिया_बीडकर

मूळपुरुषसाहेब, पंचवीस वर्षं ती शेडमध्ये सडत होती तेव्हा कुठं होतात? काकांनी निदान चालू तरी केली. हॉट रॉड हीसुद्धा कारागिरी आहे.

मूळपुरुष

कारागिरी आहे, मान्य. वस्तादचे हात चांगलेच असणार. पण देवळाचा जुना दगडी खांब घासून ग्रॅनाइट बसवतात, तीही कारागिरीच म्हणायची का?

लातूरची_लेक

झालं सुरू. गाडी विकायची आहे हो, वाद नाही!

मूळपुरुष

बरं, वाद बंद. कामाचं विचारतो. मूळ इंजिन कुठं आहे? त्यावरचा नंबर आरसीतल्या नंबराशी जुळतो का? आणि कापलेल्या छताच्या पट्ट्या?

जुना_मोंढा

इंजिन शेतात विहिरीजवळच्या खोलीत आहे, ताडपत्रीखाली. २०१५ला ठेवलं ते बघितलं नाही. पट्ट्या वस्तादनं भंगारात दिल्या.

सुतळीबॉम्ब

म्हणजे जालन्याच्या भट्टीत. म्हणजे सळई. कुणाच्या तरी स्लॅबमध्ये तुमचं छत आहे, काका. शेवटी छत छतातच गेलं.

घसारा

हा माणूस कधीतरी चांगलं बोलतो.

कंधारी

विहिरीजवळची खोली म्हणजे ओल. दहा वर्सं. इंजनात आता मोहळ बसलं असल. बघून या आन् सांगा. आमच्याकडं पोळा झाला, जरा मोकळा झालो, नाईतर मीच आलो असतो बघायला.

काळा_कोट

एक महत्त्वाचं राहिलं, तुमची उत्तरं परत वाचताना लक्षात आलं. गाडी वडिलांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंत. वडील आहेत?

जुना_मोंढा

नाहीत. २०१९ला गेले.

काळा_कोट

मग गाडी तुमची एकट्याची नाहीच. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं असतं. त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती लागते. आई, भाऊ, बहीण असेल तर तीही. वाटणीपत्रात गाडीचा उल्लेख आहे का?

जुना_मोंढा

नाही. वाटणीत भांडी मोजली, पाटा-वरवंटा मोजला, बैलगाडीची जुनी चाकं मोजली. गाडी कुणी मोजली नाही. सगळ्यांना ती माझीच वाटायची. मलाही.

गोदातीर

अरे देवा. म्हणजे ज्या भावाला शेड मोकळं पाहिजे, तोच शेडमधल्या गाडीचा मालक!

काळा_कोट

हिश्शापुरता. पण हो. आणि खर्च तुम्ही केला म्हणून मालकी वाढत नाही, फार तर खर्च वसूल करायचा मुद्दा मांडता येईल. सह्या आधी घ्या. गिऱ्हाईक नंतर.

पाना_पक्कड

सह्यांचं होईपर्यंत चेसिस नंबरचा गंज साफ करून ठेवा. वायर ब्रश हलका मारा, ग्राइंडर अजिबात नको. कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या आणि आरसीशी ताडून बघा. एक आकडा जरी ग्राइंडरनं खाल्ला तर गाडी जन्मभर संशयित.

जुना_मोंढा | १४ सप्टेंबर, दुपारी ३.२०

उशीर झाला, माफ करा. सांगायला बरंच आहे.

रविवारी शेतात गेलो. इंजिन आहे. ताडपत्री फाटलेली, वरच्या झाकणावर चिमणीचं घरटं, आतली अंडी फुटून वाळलेली. स्पार्क प्लगच्या एका भोकात कुणी तरी कापूस कोंबला होता, तो मीच, आता आठवलं. डिपस्टिक ओढली तर तेल काकवीसारखं. हातानं फिरवायला गेलो, हललं नाही. पण रॉकेलानं ब्लॉक पुसला आणि नंबर दिसला. मोबाइलमध्ये आरसीचा फोटो होता, एकेक आकडा बोट ठेवून बघितला. जुळतो.

मूळपुरुषांना तिथूनच फोन केला. ते आवाज न करता दोन मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, जागचं हलवू नका, फिरवायला जबरदस्ती करू नका, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस ठेवा. ओतून आलोय.

त्यांची ऑफर अशी: गाडी नको, मूळ इंजिन, पुढची जाळी आणि स्पीडोमीटर पाहिजे. दुसऱ्या एका फ्लीटमास्टरला लावायचंय. भाव बरा सांगितला, इथं लिहीत नाही, कंधारीभाऊंनी उपरण्याखाली ठेवायला शिकवलंय.

काळा_कोट

थांबा! नंबर जुळणारं इंजिन दिलंत तर तुमच्या आरसीत उरतं काय? उद्या गाडी परत मूळ रूपात आणायची कुणाला इच्छा झाली तर त्याच्या हातातला एकमेव धागा तोच आहे. आणि तेही वारसांच्या सहीशिवाय विकता येत नाही.

मूळपुरुष

ताई बरोबर आहेत. मीही लोभात बोललो. जाळी आणि स्पीडोमीटरचं आधी बघू. इंजिन राहू द्या.

लातूरची_लेक

मूळपुरुष माघार घेताना पहिल्यांदाच बघितले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

उगंच

भावाची सही?

जुना_मोंढा | १९ सप्टेंबर, रात्री ११.०५

काल गेलो होतो.

आईनं आणि बहिणीनं तर लगेच होकार दिला. बहीण म्हणाली, 'दादा, माझ्या वाट्याचं एक चाक घे आणि सोड मला.'

भावाकडं फॉर्म घेऊन गेलो. तो पावतीपुस्तकात मान घालून बसला होता. वर न बघता विचारलं, 'किती येतील?' मी आकडा सांगितला. तो म्हणाला, 'सही करणार नाही.' मला वाटलं हिश्शावरून असेल. म्हटलं, तुला निम्मे घे. तरी नाही.

मग बोलला. लहानपणी चतुर्थीला वडील आम्हाला या गाडीतून राजूरच्या गणपतीला न्यायचे. मी मोठा, मागं खिडकीत. तो वडिलांच्या मांडीवर, हात स्टिअरिंगवर. त्याला वाटायचं गाडी तोच चालवतोय. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते वेगळंच. छत कापलं त्या दिवशी वडील शेडमध्ये आले, बघितलं, काही न बोलता गेले. मला वाटलं त्यांना चाललं. भाऊ म्हणाला, दोन दिवस ते जेवले नाहीत. माझ्यापर्यंत ही गोष्ट येऊ द्यायची नाही असं त्यांनी घरात बजावलं होतं.

मी काय बोलणार? फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

निघताना म्हटलं, मग शेड राहू दे तसंच. तर म्हणाला, 'शेड दिवाळीपर्यंत पाहिजे. माल येणार आहे.'

गोदातीर

सही पण नाही आणि शेड पण पाहिजे. भाऊ शोभतो बरं.

काका, वाईट वाटून घेऊ नका. वडील बोलले असते तर तुम्ही थांबला असता. ते थांबवायचं नाही असं ठरवूनच गप्प बसले ना.

घसारा

मघाशी आकड्यांवर मोठं भाषण दिलं. हे वाचून हिशेबाची वही बंद केली.

सुतळीबॉम्ब

आज विनोद नाही. काका, चहा कधी?

बे_एरिया_बीडकर

डिसेंबरात गावी येतोय. गाडी कुठंही असली तरी बघायला येणार. काचांचं माप पाठवा, इथल्या मंडळींना छत उतरवलेल्या फ्लीटमास्टरच्या मागच्या काचेचं काय करतात ते विचारून ठेवतो.

पाना_पक्कड

विकणं लांबणार असेल तर पेट्रोलची टाकी रिकामी करा, बॅटरी काढून घरात ठेवा, ब्रेकचं तेल बदला, गाडी ठोकळ्यांवर चढवा. आणि त्या लटकत्या वायरींच्या टोकांना टेप मारा. उंदरांना हॉट रॉड आणि बैलगाडीतला फरक कळत नाही.

जुना_मोंढा

ते सगळं करतो. पण ठोकळे कुठल्या जमिनीवर ठेवू? दिवाळीला महिनाच राहिलाय. भाड्यानं जागा बघितली, महिन्याला जे मागतायत त्यात वर्षभरात अजून एक काँटेसा येईल.

कंधारी

माझ्या आखाड्यावर पत्र्याचं शेड रिकामं हाय. बैलं विकून ट्रॅक्टर घेतला तवापासून गोठाच उरलाय. जमीन मुरमाची, ओल न्हाई. भाडं-बिडं काय न्हाई, पर पोरं आत बसतील, ते सांगून ठेवतो. काच न्हाई तर न्हाई, त्यांना कायबी फरक पडत न्हाई.

जालना ते कंधार लांब पडतंय, पर माझ्या मेव्हण्याचा आयशर दर आठवड्याला मोंढ्यात माल टाकून रिकामा परत येतोय. कवा पाठवू?

जुना_मोंढा

कंधारीभाऊ, काय बोलू.

पुढच्या सोमवारी पाठवा. भावाला सांगितलं, तो म्हणाला गाडीत चढवताना मी येतो, स्टिअरिंग धरायला कुणी तरी लागेलच.

कंधारी

ठरलं. मागच्या चाकात हवा हाय का तेवढं सांगा, न्हाईतर पंप टाकून देतो.

जुना_मोंढा

डाव्यात नाही. पंप पाठवा.